घरी मुलं किती?

(आमच्या आरोग्य सेवाकार्यात बरीच वर्षं परिचारिका म्हणून काम करणाऱ्या एका भगिनीने मदतनीस मंडळ्यांच्या वार्षिक सभेत केलेलं हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. कुटुंबाची ओळख कळू नये म्हणून गावाचं नाव व काही तपशील गाळले आहेत. – संपादक)



दरवर्षी या सभेत दवाखान्याचा अहवाल वाचला जातो. किती रुग्ण तपासले, किती बाळंतपणं झाली, किती लसी दिल्या. यंदा तो अहवाल छापून तुमच्या हातात दिलेला आहे, म्हणून मी तो वाचत नाही. त्या अहवालात कधीच न येणाऱ्या मुलांबद्दल मला बोलायचं आहे. ही मुलं आजारी नसतात, म्हणून त्यांचा केसपेपर निघत नाही. अनाथ नसतात, म्हणून अनाथांच्या यादीत बसत नाहीत. त्यांची आई किंवा बाप मनाच्या आजाराने आजारी असतो. तेवढं एक सोडलं तर सरकारदरबारी आणि आपल्या दरबारीही त्यांचं सगळं ठीक चाललेलं असतं.

यातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. आता ती समजत्या वयाची आहे. सांगू का, असं मी तिला विचारलं आणि ती हो म्हणाली, म्हणूनच सांगते. या गोष्टीत चूक कोणाची झाली, तर माझी.

जव्हार-मोखाडा भागातला एक पाडा. ती तेव्हा अकरा वर्षांची, पाचवीत. मागे दोन लहान भाऊ. बाप दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचा आणि पावसाच्या तोंडाला लावणीसाठी परत यायचा. आईला स्किझोफ्रेनिया. तिला कानात माणसं बोलल्यासारखी ऐकू यायची. ती रात्री उठून चालू लागायची. कधी दोन-दोन दिवस चूल पेटत नसे. भगताकडे जाऊन झालं होतं, कोंबडा देऊन झाला होता. मग कोणीतरी दवाखान्याची वाट दाखवली.

आईला दवाखान्यात आणायची ती ही मुलगी. महिन्याच्या ठरल्या दिवशी पहाटे निघून, पाच-सहा किलोमीटर चालून, आईचा हात धरून ती रांगेत बसायची. गोळ्यांची पुडी फ्रॉकच्या खिशात. मी तिला समजावून दिलं होतं, सकाळी ही एक, रात्री या दोन, आणि आईने गिळली का ते बघायचं. ती मान डोलवायची. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायचे, "किती शहाणी गं तू! तुझ्यासारखी पोर सगळ्यांना मिळो."

केसपेपरवर एक रकाना असतो, सोबत आलेले नातेवाईक. त्यात मी दर महिन्याला लिहायचे, 'मुलगी'. खाली लिहायचे, 'औषधे मुलगी देते. प्रकृती स्थिर.' दीड वर्ष मी हे लिहिलं. तिचं वय कधी लिहिलं नाही. आज शाळा आहे ना, मग तू इथे कशी, हेही कधी विचारलं नाही.

मे महिन्यात एक दिवस ती एकटीच आली. दारात उभी राहिली, आत येईना. म्हणाली, "सिस्टर, आय गेली. माझ्यामुळंच गेली."

झालं होतं ते असं. मावशीकडे लग्न होतं. एक रात्र ती तिथेच नाचता-नाचता झोपली. त्या रात्रीची गोळी चुकली. दोन दिवसांनी आई घरातून निघून गेली. अकरा वर्षांच्या डोक्याने हिशेब मांडला: मी नाचले, गोळी चुकली, आय गेली.

आई तीन दिवसांनी दुसऱ्या तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर सापडली. जिवंत होती, देवाची कृपा. पुढे ती जरा सावरल्यावर आम्हाला कळलं की महिनाभर ती गोळी गालात धरून मागच्या दारी थुंकत होती. गोळीने हात जड व्हायचे, जीभ वळायची नाही, कांडताना मुसळ उचलत नसे. हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. औषध बदलून देता आलं असतं. म्हणजे त्या एका रात्रीच्या गोळीचा आणि आई जाण्याचा फारसा संबंध नव्हता. पण मुलीला ते कोणी सांगितलं? तिच्या हातात औषधाची जबाबदारी मी दिली होती. शहाणी म्हणून मीच तिला त्या कामाला बांधून ठेवलं होतं. शाळेचं विचारलं तेव्हा समजलं की दिवाळीपासून ती शाळेत गेलीच नव्हती. हजेरीपटावर नाव होतं, एवढंच.

आता पुढचा भाग ऐका, कारण तो आपल्या सगळ्यांबद्दल आहे. आम्ही ही हकीकत एका मंडळीला कळवली आणि त्या मंडळीने मोठ्या मनाने मुलीचा बोर्डिंगचा खर्च उचलला. जूनमध्ये नवे कपडे, पेटी, वह्या घेऊन ती बोर्डिंगला गेली. आम्हाला वाटलं, प्रश्न सुटला. नवव्या दिवशी ती पळाली. खिशात पैसे नव्हते. दोन एस.टी. बदलून, उरलेली वाट चालून पाड्यावर पोहोचली. वॉर्डनबाई रागावल्या. आम्हीही मनातून थोडे रागावलो, खोटं कशाला बोलू. एवढं केलं आणि पोरीला किंमत नाही! का पळालीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, "आय जेवली का ते बघाया."

तिला बोर्डिंगमध्ये दोन वेळा गरम जेवण होतं. पण आईच्या ताटात काय आहे हे तिला कोणीच सांगत नव्हतं. आम्ही तिला घरातून उचललं आणि घरात तिच्या जागी कोणालाच ठेवलं नाही. चूक तिथे होती.

बंधुभगिनींनो, तुमच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या बोर्डिंगने या भागात शेकडो मुलं शिकवली. त्याबद्दल मी काही वावगं बोलत नाही. पण आई-बाप मनाने आजारी असलेल्या मुलासाठी नुसतं बोर्डिंग पुरत नाही. आईचा उपचार नीट चालला आहे, घरी कोणी मोठं माणूस लक्ष ठेवून आहे आणि ते मुलाला कळतं आहे, या तीन गोष्टी असतील तरच ते मूल पुस्तकात डोकं घालू शकतं. म्हणून मुलाची मदत आईच्या केसपेपरपासून सुरू झाली पाहिजे. आज मला सांगायचं आहे ते एवढंच.

अशा घरातल्या मुलाला जग कसं दिसतं, ते जरा सांगते.

तान्हं बाळ बोलू शकत नाही, पण त्याचं वजन बोलतं. बाळंतपणानंतर काही बायकांना नैराश्याचा आजार होतो. बाळ रडतं, आई भिंतीकडे बघत बसते. अंगात त्राण नसतं, दूध पाजायचं सुचत नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य दिसलं आणि अशा मातांच्या बाळांचं वजन सहा महिन्यांनी कमी भरण्याचं प्रमाण जास्त होतं. आपल्या पालघर जिल्ह्यात कुपोषणावर किती बोललं जातं तुम्हाला ठाऊक आहे. अंगणवाडीत बाळ तोललं जातं, लाल रेघेखाली गेलं की आहार दिला जातो. तो दिलाच पाहिजे. पण बाळाचं वजन का घसरतंय हे शोधताना, बाई, तुला झोप लागते का, रडू येतं का, काही नकोसं वाटतं का, असं आईला विचारणारं कोणी हवं.

सहा-सात वर्षांचं मूल सगळ्या गोष्टींचं कारण स्वतःत शोधतं. मी भांडं फोडलं म्हणून आय ओरडते. मी हट्ट केला म्हणून बा बोलत नाही. घरात मोठी माणसं कुजबुजतात, मूल आलं की गप्प होतात. त्या गप्पपणात मूल स्वतःच एक गोष्ट रचतं आणि ती खऱ्यापेक्षा भयंकर असते.

दहा-बारा वर्षांची मुलगी असेल तर ती घराची आई होते. पाणी, चूल, धाकटी भावंडं, गोळ्या. मुलगा असेल तर तो गुरांमागे किंवा भट्टीवर जातो. शाळेत अशी मुलं एकतर फार शांत असतात, नाहीतर मारामाऱ्या करतात. शांत मुलाकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि मारणाऱ्याला शिक्षा होते.

पंधरा-सोळाचं झालं की एक वेगळीच भीती धरते: मलाही हे होणार का? याचं खरं उत्तर द्यायला हवं. आई किंवा बाप यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल, तर शंभर मुलांमागे साधारण दहा जणांना पुढे तो होण्याची शक्यता असते. सर्वसाधारण माणसांत ती शंभरात एकाच्या आसपास. म्हणजे धोका जास्त आहे, हे खरं. आणि शंभरातल्या नव्वदांना तो आजार होत नाही, हेही तितकंच खरं. मूल घाबरून मनात एकच धरून बसतं की आपलं ठरलेलं आहे. नव्वद हा आकडा त्याला कोणी सांगितलेलाच नसतो.

आणि पाड्यावर आणखी एक ओझं असतं. 'बाहेरचं आहे', 'त्या घराला लागलंय'. बाईला डाकीण ठरवलं, तर तिच्या मुलांबरोबर दुसरी मुलं खेळत नाहीत. आपण हसतो, अंधश्रद्धा म्हणतो. पण आपल्या मंडळीतही मी ऐकलं आहे की विश्वास कमी पडला, घरात काही पाप असेल, म्हणून दुष्ट आत्मा धरला. हे ऐकणारं मूल शेवटच्या बाकावर बसलेलं असतं. त्याच्या दृष्टीने भगताच्या बोलण्यात आणि आपल्या बोलण्यात काय फरक राहिला? प्रार्थना करा. मीही रोज करते. प्रार्थना करून गोळी द्या, आणि गोळी देऊन प्रार्थना करा. ताप आल्यावर आपण हेच करतो ना?

मग आमच्या कामात आम्ही काय बदललं?

पहिली गोष्ट अगदी साधी. मनाच्या आजाराच्या प्रत्येक मोठ्या रुग्णाच्या केसपेपरवर आम्ही एक ओळ वाढवली: 'घरी मुलं किती? वयं काय? शाळेत जातात का? आत्ता त्यांच्याजवळ कोण आहे?' या प्रश्नाला पैसे लागत नाहीत. नॉर्वे देशात तर २०१० पासून हे कायद्यातच आहे. मोठ्या माणसाला मनाचा गंभीर आजार असेल, व्यसन असेल किंवा शरीराचा मोठा आजार असेल, तर त्याच्या लहान मुलांची चौकशी करणं आणि त्यांना माहिती व आधार मिळेल असं बघणं हे तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचं कर्तव्य आहे. तिथल्या रुग्णालयांत त्यासाठी नेमून दिलेली माणसं असतात. आपल्याकडे तेवढी माणसं नाहीत, पण प्रश्न विचारायला तोंड आहे.

एक मात्र शिकलो. हा प्रश्न विचारला की आई घाबरते. तिला वाटतं, आता माझी मुलं काढून घेणार. म्हणून आधी सांगायचं: "बाई, तुझी मुलं तुझीच आहेत. तुला बरं वाटेपर्यंत त्यांना कोणाचा हातभार लागेल ते बघू." आजारी आईचंही मुलांवर प्रेम असतं. पुष्कळदा ती उपचार घेते तोच मुलांसाठी.

दुसरी गोष्ट, गोळ्यांची जबाबदारी मोठ्या माणसाकडे. त्या मुलीच्या घरी आम्ही बापाशी बोललो, मामीशी बोललो. मामी शेजारच्याच पाड्यावर होती, तिला कोणी विचारलंच नव्हतं. जिल्ह्याच्या मानसोपचार तज्ज्ञांनी औषध बदललं आणि महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. ते प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर देते, आठवण आशाताई करते. मुलीच्या खिशातली पुडी गेली. ज्या दिवशी ती पुडी मी परत घेतली, त्या दिवशी तिने दोन्ही हातांनी तो रिकामा खिसा चाचपून पाहिला होता. ते मला अजून आठवतं.

तिसरी गोष्ट, मुलाला खरं सांगणं. आम्ही ते चार वाक्यांत बसवलं आहे. तुझ्या आईला आजार आहे आणि त्याला नाव आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही. तो बरा करणं हे तुझं काम नाही, त्यासाठी ही मोठी माणसं आहेत. आणि भीती वाटली तर तू अमक्याकडे जायचं. शक्य असेल तेव्हा ही वाक्यं आईने किंवा बापानेच मुलाला सांगावीत, आम्ही नुसतं जवळ बसतो. त्या घरी बापाने सांगितलं. निरक्षर माणूस, भट्टीवर राबणारा. म्हणाला, "आयेच्या डोक्याला ताप चढतो, बाय. तू नाचलीस म्हणून नाय चढत." आम्हा शिकलेल्यांना इतकं सोपं सुचलं नसतं.

चौथी गोष्ट, अडचणीच्या वेळेची तयारी. हा आजार पुन्हा उसळू शकतो. तसं झालं तर रात्री कोणाला हाक मारायची, भावंडांना घेऊन कोणाकडे झोपायचं, हे आधीच ठरवायचं. दाराच्या आतल्या बाजूला खडूने तीन नंबर लिहायचे. एक घरच्या माणसाचा, एक आशाताईचा आणि १०९८, जो मुलांसाठीच्या मदतीचा आहे. मोठ्यांसाठी १४४१६. ही टेली-मानस सेवा केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली. दिवसरात्र चालते, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं.

पाचवी गोष्ट स्थलांतराची. आपल्या भागात दिवाळीनंतर अर्धा पाडा रिकामा होतो. आमचे निम्मे रुग्ण तेव्हाच तुटायचे. आता जाण्याआधी जास्त दिवसांची औषधं आणि तिकडच्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी देतो. त्या चिठ्ठीवरही मुलांची नावं आणि वयं असतात.

सरकारी सेवांबद्दलही सांगते, कारण पुष्कळांना ठाऊक नसतं. महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. पाड्यावरच्या माणसाला ठाणंही फार लांब. पण सगळ्यांना मनोरुग्णालयात न्यावंच लागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात सुरू झाला आणि पुढे वाढत गेला. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, औषधं मिळतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, उपचार मोफत मिळाले पाहिजेत. आजारी माणसाला साखळीने बांधायला त्या कायद्याने बंदी आहे. आणि आपल्या आजच्या विषयाची एक तरतूद त्यात आहे: आई उपचारासाठी दाखल असेल आणि तिचं मूल तीन वर्षांखालचं असेल, तर त्या बाळाला शक्यतो आईपासून दूर करायचं नाही. बाळाला धोका असेल तरच तात्पुरतं, आणि त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करायचा. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करण्याची सोय आहेही.

पैशाची मदतही आहे. बालसंगोपन योजना आहे, मिशन वात्सल्यमधून दरमहा ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व आहे. आई-बाप सांभाळ करण्यास असमर्थ असतील, तर त्यांच्या मुलासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करता येतो. पण कागद लागतात. आधार, शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. मनाने आजारी बाईला तहसील कचेरीच्या पाच फेऱ्या कशा जमणार? तिथे माणूस लागतो, सोबत येणारा. तुमच्या देणगीतला मोठा वाटा अशा फेऱ्यांच्या एस.टी. भाड्यावर आणि चहा-वड्यावर जातो. ऐकायला हे फार मोठं वाटत नाही, फोटोतही दिसत नाही. पण योजनेचे पैसे घरापर्यंत त्यामुळेच पोहोचतात.

फोटोवरून आठवलं. मदत करणाऱ्या मंडळ्या प्रेमाने विचारतात, त्या मुलीचा फोटो पाठवा, नाताळच्या सभेत तिला साक्ष द्यायला आणा. मी पाठवत नाही आणि आणतही नाही. यामागे कृतघ्नपणा नाही, हे समजून घ्या. तिच्या आईचा आजार ही तिच्या घरातली गोष्ट आहे. ती सांगायची की नाही, हे ती मोठी होऊन ठरवील.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडे डोंगरात, आम्ही इथे शहरात काय करावं? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं. त्यात दिसलं की आपल्या देशात प्रौढांपैकी साधारण १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मनाचा आजार आहे आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नाही. या सभागृहात आज दोनशे माणसं असतील तर तुम्हीच हिशेब करा. दारूचा आजारही त्यातच येतो. पाड्यावर आजार लपत नाही, कारण कुडाच्या भिंती पातळ असतात. शहरात फ्लॅटचं दार बंद करता येतं. त्या दारामागेही मूल असतं.

म्हणून प्रत्येक मंडळीकडे माझं मागणं आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी, अचानक गप्प झालेल्या किंवा येईनासं झालेल्या मुलाच्या घरी एकदा सहज जाऊन यावं. चौकशीच्या सुरात नको. डबा घेऊन जावं. कोणाच्या घरी ऑपरेशन झालं तर आपण आळीपाळीने जेवण पोचवतो. मनाच्या आजारातही तसंच पोचवावं. मुलाला शहाणं, समंजस म्हणून नुसतं कौतुकाने सोडून देऊ नये. त्याला खेळायला न्यावं, सहलीला न्यावं, आणि तो बाहेर असताना आईजवळ कोण बसणार, याची सोय आधी करावी. पाळकांनी व्यासपीठावरून एकदा तरी सांगावं की मनाचा आजार हा आजार आहे.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातला तो माणूस तुम्हाला आठवत असेल. कबरांमध्ये राहणारा, साखळदंड तोडणारा, रात्रंदिवस ओरडणारा. प्रभूने त्याला बरं केल्यावर त्याला प्रभूच्या बरोबर जायचं होतं. प्रभूने त्याला नेलं नाही. त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे पाठवलं. घरी कोण होतं, हे शास्त्र सांगत नाही. पण मी हा अध्याय वाचते तेव्हा मला वाटतं, बाप कधी येईल म्हणून दाराशी उभं असलेलं एखादं पोर तिथे असेल. बरं करण्याचं काम त्या दारापर्यंत गेलं, तेव्हा पूर्ण झालं.

आता त्या मुलीचं सांगून थांबते. पुढच्या वर्षी ती पुन्हा बोर्डिंगला गेली. या वेळी दर रविवारी मामीचा फोन यायचा आणि आधी आई बोलायची. एक वर्ष वाया गेलं ते गेलंच, पण आज ती दहावीत आहे. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. यंदा श्रावणात आई पुन्हा आजारी पडली, जिल्हा रुग्णालयात पंधरा दिवस ठेवावी लागली. आम्ही मुलीला त्याच दिवशी फोन करून खरं ते सांगितलं. ती रडली. मग विचारलं, "जवळ कोण आहे?" मी म्हटलं, मामी आहे. भाऊ कुठे आहेत? आत्याकडे. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मंग मी शनिवारी येते. शुक्रवारी गणिताचा पेपर आहे."

तिने पेपर दिला. शनिवारी आली. आईची वेणी घालून रविवारी परत गेली.

प्रार्थनेत या घराची आठवण ठेवा. आमच्या आशाताईंची आणि त्या मामीचीही ठेवा, कारण सगळा भार आता तिच्यावर आहे आणि तीही थकते. आणि तुमच्यापैकी कोणाला स्वतःच्या घराबद्दल बोलायचं असेल, तर चहाच्या वेळी मी मागच्या बाकावर बसलेली असेन. नाव लिहून घेणार नाही. फक्त एक प्रश्न विचारीन, तो तुम्हाला आता ठाऊक आहे.

सलाम.